रुमालाखालचा भाव

"बोटं काय पाहून राहिली वं? बोटं तर रुमालाखाली हायेत. मानसाचे डोये पाह्य!"

संत्र्यांच्या बाजारात बापानं, रामाजीनं, हे म्हटलं तेव्हा इंदू आठ वर्षांची होती. बाजाराची रीतच तशी. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो समोर नुसता उभा. रुमाल पानासारखा हलायचा, भाव फुलासारखा पडायचा, आवाज न करता. रामाजी दलाल होता, आणि त्याची बोटं बाजारभर नावाजलेली.

पुढे इंदू विद्यापीठात अर्थशास्त्राची प्राध्यापक झाली. चार मोसम बाजारात उभी राहिली, डोळे वाचत राहिली, आणि तिनं पुस्तक लिहिलं. रुमालाखाली शेतकऱ्याचा भाव कसा मरतो, ते पार्वतीबाईसारख्या शेतकरणींच्या दाखल्यांसकट. सरकारनं तिला समितीवर घेतलं आणि लिलाव उघड झाला. बोली आता साऱ्यांच्या कानावर पडू लागली. दिल्लीहून बोलावणी आली. दूरदेशीची पोरं तिची पानं अभ्यासू लागली.

रामाजीनं मात्र रुमाल घडी करून पेटीत ठेवला तो ठेवलाच. पुस्तकाबद्दल सात वर्षांत अवाक्षर काढलं नाही. जगाचे डोळे वाचणाऱ्या इंदुताईला जेवताना बापाच्या डोळ्यांत पाहायचा धीर होत नव्हता.

ब्याऐंशी साली धरमपेठेत तिचा सत्कार झाला. जुने व्यापारी मनोहरराव पहिल्या रांगेतून ओरडले, "शाल रामाजीच्याच हातून द्या गा! पोरीनं धंदा बुडवला, आता बापानंच पांघरून द्यावी!"

सगळे हसले. रामाजी काठी टेकत वर गेला. शाल पांघरवताना त्या उबेखाली त्यानं लेकीचा हात धरला आणि तिची पाचही बोटं दाबली. पाचही, म्हणजे बाजारातला सगळ्यांत चढा भाव.

इंदुताईला भाव कळला. तरी ती म्हणाली, "नाही बाबा. आता बोली उघड लागते. मोठ्यानं बोला."

म्हातारा माइककडे वळला.

"इच्या पुस्तकात एक दलाल हाये. पार्वतीबाईच्या ढिगाचा भाव रुमालाखाली पाडणारा. पोरीनं नाव नाई टाकलं. तो मी होय."

मनोहररावांचं हसू जागीच थांबलं. रामाजीनं लेकीच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"माह्या पोरीनं एक अक्षर खोटं नाई लिहिलं गा. सात वर्षं हे मले सांगता नाई आलं. आज साऱ्यांसमोर सांगून राहिलो."