पोतं कलत नाही

मिस्त्री गाडीमागे उकिडवा बसून शॉकअपला पाना लावत होता. त्याने सहज विचारलं, "काका, स्प्रिंग सिंगलला ठेवू की डबलसीटला?"

आमचे हे तितक्याच सहज म्हणाले, "सिंगलला. मागे फक्त सामान."

मी पायरीवर बसून ताडपत्रीची बॅग शिवत होते. सुई तशीच अर्धी राहिली. ही जुनी गाडी लांबच्या प्रवासाला उभी करायची म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. कार्बोरेटरचे रबरी वॉशर कुठे मिळेनात, तेव्हा जुन्या बाजारातलं एकेक दुकान पालथं घातलं ते मी. चेन रॉकेलने धुतली ती मी. नखांतलं ग्रीस अजून निघालं नव्हतं. आणि हे एकटेच निघाले होते!

"म्हणजे मी येत नाहीये?"

"अगं, तुझे गुडघे," हे म्हणाले. "इतक्या लांब जमणार आहे का तुला? मला वाटलं, तू समजून घेतलं असशील."

समजून घेतलं असशील! आयुष्यभर दुसरं केलंय काय मी? गुडघे माझे, दुखतात मला, आणि निकाल लावून मोकळे हे. यांची कंबर धरली की यांना मोजे कोण चढवतं, ते मिस्त्रीसमोरच सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

माझ्या डोळ्यांदेखत मागची सीट निघाली आणि तिथे लोखंडी कॅरिअर बसलं. त्यावर तंबू, स्टोव्ह, हत्यारं, अंथरुणं असं सगळं एका पोत्यात कोंबून दोरीने करकचून बांधलं आणि हे चक्कर मारून बघायला निघाले. मला असा संताप आला होता की रडूसुद्धा येईना.

परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. हेल्मेटची काच वर करून मिस्त्रीवर डाफरले, "वळणावर गाडी ऐकत नाही. भलतीकडेच ओढते. काय केलंस रे?"

मिस्त्रीने चाकं फिरवून पाहिली, हवा पाहिली, हँडल हलवून पाहिलं. सगळं ठणठणीत. तो डोकं खाजवायला लागला.

"पोतं कलत नाही," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"गाडी वळली की मागच्यानेही कलावं लागतं. पुढच्याबरोबर, पुढच्याइतकंच. लग्न झाल्यापासून मी तेच करत आलेय. तुम्हाला आपलं वाटत होतं, काय झकास चालवतो मी!"

मिस्त्रीने हसू लपवायला नटबोल्टांच्या डब्यात तोंड खुपसलं. यांनी मागे वळून पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं, मग चल तू," हे म्हणाले. "सीट परत लावून घेऊ."

माझं डोकंच फिरलं. मघाशी गुडघ्यांपायी नको होते, आता वळणांपायी हवी झाले!

"पोत्याच्या बदली मी येणार नाही. मला नीट विचारा."

"त्यात विचारायचं काय? चल म्हटलं ना!"

"तेच तर! आजवर दर वेळी नुसतं 'चल, निघू' म्हणालात आणि मी मुकाट्याने मागे बसले. या खेपेला तेही नाही. सिंगल की डबल, हे या मिस्त्रीला विचारावंसं वाटलं. तुम्हाला नाही वाटलं."

मिस्त्रीला एकाएकी काहीतरी आठवलं आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानाकडे सटकला. यांनी हेल्मेटची काच खाली ओढली आणि आतल्या आत काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

यांनी हेल्मेटच काढलं. विरळ केस घामाने टाळूला चिकटले होते. गाडीवरून उतरले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"येशील का माझ्याबरोबर?"

खोटं कशाला बोलू? हो म्हणायला जीभ नुसती शिवशिवत होती. पण एवढ्या संसारात यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि नाही म्हणायचीही मला मुभा होती.

"विचार करून सांगते," मी म्हणाले, आणि यांना तिथेच उभं ठेवून घरात गेले.