वेगळं पातेलं

चीनमधल्या छीशानच्या शेवया खायच्या, रस्सा ठेवायचा. खिम्याचा, शिरक्याचा, वर लाल तर्रीचा तो रस्सा वाडग्यातून परत चुलीवरच्या हंड्यात जातो आणि त्याच हंड्यातून पुढचे वाडगे भरतात. शीआन शहरात ह्या शेवयांसाठी दुकानांपुढे रांगा लागतात, पण तिथे उरलेला रस्सा मोरीत ओततात. गावाकडचे लोक त्याला रस्सा म्हणतच नाहीत.

कुण्या वहिनीने आईवेगळ्या दिराला ह्या शेवया खाऊ घालून मोठं केलं, म्हणून त्या वहिनीच्या शेवया, अशी गोष्ट तिकडे सांगतात. रुईछिनला ती कुणी सांगायला नको होती. तिचा दीर फूआन एवढासा होता तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. तो दक्षिणेत ग्वांगचौला रेडिओच्या कारखान्यात लागला आणि तिथलीच मुलगी ठरवून आला. आज त्यांच्या लग्नाचं जेवण होतं.

"तिला हंड्याचं सांगितलंस का रे?" तिने सकाळी विचारलं.

"सांगतो की, वहिनी. घाई काय आहे?"

म्हणजे नव्हतं सांगितलं. पोरीला किळस आली, तर ती पुन्हा ह्या घराची पायरी चढायची नाही, आणि मग फूआन तरी कशाला येतोय? रुईछिनने गुपचूप एका पातेल्यात तर्रीशिवायचा रस्सा बाजूला काढला आणि दक्षिणेकडे गोडसर खातात म्हणून त्यात थोडी साखर घातली, फक्त नवरीसाठी.

पहिला वाडगा दाराबाहेर शिंपडून, पूर्वजांपुढे ठेवून झाला आणि पंगत बसली. नवरीचा, मियाओयीचा, वाडगा परत आला तो चाटूनपुसून लख्ख. दुसराही तसाच, तिसराही. तिच्या माहेरी रस्सा टाकणं म्हणजे रांधणारीचा अपमान.

"अगंबाई, ही तर गावची विहीर आटवेल!" शेजारची हौ काकू म्हणाली. बायका खिदळल्या.

मियाओयीने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे वाडगे रश्शाने अर्धे भरलेले. आपलं काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं आणि ती उठून थेट चुलीपाशी आली. रुईछिन तेव्हा उरलेला रस्सा हंड्यात ओतत होती.

"जाऊबाई, हे परत कशाला ओतताय?"

आता लपवणार काय? "हे सगळ्यांचं उष्टं असतं, बाई. आमची रीत आहे. तुला वेगळं ठेवलंय, ते बघ पातेलं."

"शी!" मियाओयीच्या तोंडून निघूनच गेलं.

"झालं कल्याण," हौ काकू पुटपुटली.

मियाओयी लाल झाली. क्षणभर हंड्याकडे बघत राहिली. "फूआन ह्यातलंच खातो?"

"जन्मापासून."

"आणि तुम्ही?"

"मी सून होऊन आले त्या दिवसापासून."

"मग मलाच का वेगळं? मी काय पाहुणी आहे?" तिने वाडगा पुढे केला. "ह्यातलं घाला."

रुईछिनने हंड्यातून वाढलं. मियाओयीने डोळे मिटून पहिला घास घेतला, मग उघडे ठेवून बाकीचे. तिखटाने नाक वाहायला लागलं, तरी थांबली नाही. शेवया संपल्यावर मात्र तिने मोठ्या कष्टाने वाडगा तोंडापासून दूर केला आणि आपला उरलेला रस्सा स्वतःच्या हाताने हंड्यात ओतला.

आपण जपायला म्हणून पोरीला दाराबाहेरच उभं करत होतो, हे रुईछिनला आत्ता कळलं. तिने ते पातेलं उचललं आणि तेही हंड्यात रिकामं केलं.

हौ काकूने पळी बुडवून चाखलं. "जरा गुळमट लागतोय हं. ग्वांगचौची चव उतरली."

"उतरू द्या की," रुईछिन म्हणाली. "आता आमच्या घरचा रस्सा असाच लागणार."