दुसरी अँब्युलन्स

सौमित्र खोटं बोलताना चष्मा पुसतो. त्या दिवशी मास्कमुळे त्याच्या चष्म्यावर सारखी वाफ धरत होती, त्यामुळे खरंखोटं कळायची माझी एकमेव सोयही गेली होती.

कोविडचं दुसरं वर्ष. आइंडहोवनजवळच्या एका लहानशा ट्रॅकवर मुलांच्या कार्टिंगची, म्हणजे छोट्या रेसगाड्यांची, स्पर्धा होती. माझा नवरा सौमित्र आयोजकांपैकी एक. आमची भार्गवी गुणांत पहिली होती आणि फायनल तेवढी बाकी होती.

सकाळच्या फेरीत फेमके नावाच्या मुलीची कार्ट टायरच्या भिंतीवर आदळली. तिला वैद्यकीय तंबूत नेलं. कोविडमुळे आत कुणालाच सोडत नव्हते, अगदी तिच्या वडिलांनाही. "ठीक आहे ती, आराम करतेय," असं सौमित्रनं येऊन सांगितलं आणि ते गृहस्थ कॉफी घेऊन निवांत उभे राहिले. इथली डच माणसं अशीच, सांगितलं की पटलं. मला कसलं पटतंय. ठीक असलेली पोर बाहेर का येत नाही? आणि अँब्युलन्सची नर्स सारखी गेटकडे का बघतेय?

मैदानात अँब्युलन्स उभी नसेल तर रेस नाही, असा नियम होता. अँब्युलन्स एकच होती. ती फेमकेला घेऊन गेली असती तर भार्गवीची फायनल रद्द झाली असती.

मी कुंपणापाशी जाऊन नर्सला विचारलं, "कशाची वाट बघताय?"

"दुसऱ्या अँब्युलन्सची. मुलीचं पोट दुखतंय, हॉस्पिटलला न्यायला हवं. तुमचे मिस्टर म्हणाले, दुसरी गाडी निघालीये. ती आली की आम्ही जाऊ."

घरून निघताना हाच माणूस मला म्हणाला होता, की जादा अँब्युलन्स कुठूनच मिळाली नाही.

मी सौमित्रला गाठलं. "दुसऱ्या गाडीसाठी कुणाला फोन केलास?"

"मंजूषा, आत्ता नको. फायनलची मुलं लायनीत लागतायत."

"फोन दाखव."

त्यानं फोन खिशात घातला. मी सरळ फेमकेच्या वडिलांकडे गेले आणि दुसरी गाडी येणार नसल्याचं सांगून टाकलं. कॉफी तिथेच टाकून ते तंबूकडे धावले.

अँब्युलन्स गेली, फायनल रद्द झाली. भार्गवीनं मला त्यांच्याशी बोलताना पाहिलं होतं. "व्हाय वुड यू डू दॅट, मम्मा?" एवढंच म्हणून ती गाडीत जाऊन बसली. आम्ही सामान भरत होतो तेव्हा फेमकेच्या वडिलांचा मेसेज आला. पोटात रक्तस्राव होत होता, ऑपरेशनला घेतलं होतं.

"मला वाटलं, एक रेस तर आहे," सौमित्र म्हणाला. "आपल्या पोरीसाठीच केलं ना मी?"

"तंबूत भार्गवी असती तर?"

"तर केव्हाच पाठवली असती गाडी," तो ताडकन म्हणाला.

भार्गवी मराठी बोलत नाही, पण तिला समजतं सगळं. ती मागच्या सीटवरून वडिलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लेट्स गो टू द हॉस्पिटल."

"आत सोडणार नाहीत आपल्याला," सौमित्र पुटपुटला.

"बाहेर थांबू," मी म्हणाले आणि त्याच्या हातातून किल्ली घेतली.