आत्याबाईंची चटई आणि माझी घंटी

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. खिशात मावणारा चिल्लर नव्हे; दांडी ओढायचा, घंटी वाजवणारा, अकरा किलोचा लोखंडी. आज जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकही जण खरं मानणार नाही. नका मानू. माझाच अजून विश्वास बसलेला नाही, आणि मी तर तिथे हजर होतो.

मित्रांनो, माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. बोटीने टोंगा बेटांच्या राजधानीत, नुकुआलोफाला आलो आणि सोसाइया नावाच्या हिशेबतपासनिसाच्या टेबलावर बसलो. एकदा वादळात समुद्र ऑफिसात शिरला आणि मला घेऊन गेला. तीन दिवस एका ऑक्टोपसने माझी दांडी ओढून मासे मोजले. एकही बेरीज चुकली नाही. आठ हात असले की हातचा विसरत नाही.

चौथ्या दिवशी लाटेने मला परत ऑफिसात आणून टाकलं. पुढे कॉम्प्युटर आला आणि माझी नेमणूक दाराला अडसर म्हणून झाली. येणारेजाणारे ठेचकाळायचे आणि शिव्या मला मिळायच्या. शाळा सुटल्यावर सोसाइयाच्या मित्राची, फेलेतीची मुलगी वाइमोआना मात्र यायची. माझ्या दात्यांत खोबरेल सोडायची, दांडी ओढायची आणि घंटी वाजली की हसायची.

तिची शाळा संपली तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक सुवाची: समुद्रापलीकडे विद्यापीठ, शिष्यवृत्ती, तीन वर्षांनी पदवी. दुसरी सोसाइयाची: त्याच्याच ऑफिसात शिकाऊ म्हणून बसायचं, दिवसा काम, संध्याकाळी अभ्यास, एकेक पेपर सोडवत सहा वर्षांनी पक्की हिशेबतपासनीस. तिला दुसरी वाट हवी होती. मला माहीत होतं, कारण तिने ते फक्त मलाच सांगितलं होतं.

पण आमच्या टोंगात मुलीने कुठे जायचं हे बाप ठरवत नाही. बापाची थोरली बहीण ठरवते. आणि त्या बहिणीला, म्हणजे कलोलाइने नावाच्या आत्याबाईंना, कोणी काही विचारत नाही. त्यांचा कल ओळखायचा असतो.

आमच्याकडे मानाचा पोशाख म्हणून कपड्यांवरून कमरेला विणलेली चटई गुंडाळतात. एक दिवस आत्याबाईंचा निरोप आला: "वाइमोआनाच्या कमरेचं माप पाठवा. चटई विणतेय."

फेलेती धावतच ऑफिसात आला. "झालं! ताईंनी ठरवलं. पोरगी सुवाला चालली."

"चटईवर सुवा लिहिलंय का?" सोसाइया म्हणाला.

"पदवी घेताना कमरेला चटई नको? उघडंय की!"

"अरे, माझ्या ऑफिसातसुद्धा कमरेला चटई बांधूनच बसतात. मी काय लंगोटावर बसलोय? जाऊन विचार ताईंना."

फेलेती दोन पावलं मागे सरला. "ताईंना? मी? उन्हात फार बसलास का रे?"

वाइमोआना दारात उभी होती. तिने नुसता माझ्या दांडीवर हात ठेवला.

निरोपाचं जेवण ठरलं. जमिनीतल्या भट्टीत चार डुकरं भाजली. बेटाबेटांवरून नातलग आले. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सोसाइयाने मला पुसलं, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलं आणि भेट म्हणून नेलं. आमच्याकडे भेटी आधी थोरल्या आत्यापुढे मांडतात. आवडेल ते ती ठेवून घेते. तर मी थेट आत्याबाईंच्या पायांशी! धडकीने माझा सातचा आकडा अडकला.

पाहुण्यांची भाषणं झाली. प्रत्येकाने सुवाचं नाव घेतलं. आत्याबाई जरा लांब, मानाच्या जागी, कान थोडे जड. त्या कंदाचे तुकडे चावत होत्या. मग त्यांनी कापड उचललं. "हे काय लोखंड?"

वाइमोआनाचे डोळे भरून आले होते. आणि मित्रांनो, कोणीही हात न लावता माझी दांडी खाडकन खाली आली! घंटी वाजली! कागदाची पट्टी सरसर बाहेर आली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरांत छापलं होतं: 'आत्या, मला सुवाला जायचं नाही. मी सोसाइयाकाकांकडे शिकू का?'

एका काकाच्या हातून डुकराची तंगडी पडली. फेलेती जमिनीला कपाळ टेकून बसला. आत्याबाईंना असं तोंडावर विचारलेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

आत्याबाईंनी घास गिळला. "सुवाला? कोण चाललंय सुवाला?"

"ताई... ती चटई..." फेलेती पुटपुटला.

"बावळटा! परदेशी जाणाऱ्याला अंथरायची चटई देतात. कमरेची चटई रोज ऑफिसात नेसायला असते! चार महिने बोटं झिजवली मी. पोरगी सोसाइयाच्या दारात पडलेली असते हे सगळ्या गावाला दिसतं, तुला दिसत नाही?"

"मग हे जेवण, ताई?"

"मला वाटलं नोकरीचं आहे. इतकी डुकरं कशाला, एवढंच कळत नव्हतं."

शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. ती सुवाला सुखात शिकली. आत्याबाईंनी मला हक्काने ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "आता हे माझं. हे त्या ऑफिसात राहील, आणि त्याला सांभाळायला माझी भाची."

सहा वर्षांनी ती शेवटचा पेपर पास झाली. आज सोसाइयाच्या खुर्चीत तीच बसते, कमरेला तीच चटई. म्हणून शाळेच्या सहलीला इथे आलेल्या मित्रांनो, एवढंच मागतो: जुन्या यंत्राला अधूनमधून तेल द्या, त्याला दाराशी टाकू नका. वेळ आली की ते तुमच्यासाठी...

"थांबा!" पहिल्या रांगेतली एक मुलगी माझ्यावर नाक टेकवून ओरडली. "याच्यावर नुसते शून्य ते नऊ आहेत! एकही अक्षर नाही! मग आत्याबाईंना विचारलं कोणी?"

आणि सगळ्या माना खुर्चीतल्या वाइमोआनाकडे वळल्या.