दोर आला की शर्यत संपली

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समोर ओढ्याकाठचा उभा चढ आहे. माती लोण्यासारखी झाली आहे. एक पाऊल वर टाकावं, तर दोन पावलं खाली. आता पडणार, एवढ्यात हाताला काहीतरी खरखरीत लागतं. तो मी. मी एक जुना दोर आहे.

वाखाचे तीन पेड एकमेकांत पिळून मला घडवलं. तरुणपणी मी गॅरेजात होतो. रुतलेल्या गाड्या ओढून काढायचो. मिस्त्रीमामा मला थोपटून म्हणायचे, "याच्यापुढे चिखलाची काय टाप!" पुढे लोखंडी साखळी आली आणि माझी रवानगी ओल्या कोपऱ्यात झाली. तिथे माझा एक पेड कुजला. वापरून झिजण्याचं दुःख नसतं हो, पडून कुजण्याचं असतं.

मग मिस्त्रीमामांनी चिखलातली शर्यत सुरू केली. रानवाट, ओढा, हा चढ आणि शेवटी शाळेचं मैदान. त्यांनी मला सावलीत वाळवलं आणि चढाच्या माथ्यावरच्या झाडाला बांधलं. नियमही माझ्यावरच बेतला. सर्वांत शेवटी चढणाऱ्याने मला सोडायचं आणि खांद्यावरून मैदानात आणायचं. मी रेषा ओलांडली की शिट्टी. शर्यत संपली. त्यानंतर येणारा शर्यतीत धरला जाणार नाही.

यंदा तर काय धमाल! हातामागून हात मला लोंबकळत होते. बेकरीवाला मला मिठी मारूनच चढू लागला, तेव्हा खालून त्याची बायको म्हणाली, "अहो, दोर आहे तो, उशी नाही."

सगळ्यांमागून पोस्टमनकाका आले. माथ्यावरून त्यांनी खाली पाहिलं. कोणी दिसेना. हाक काही त्यांनी मारली नाही. मला सोडलं, गुंडाळलं आणि निघाले.

पण ओढ्याच्या वळणाआड भिंगरी होती. चिखलाने गिळलेला बूट दोन्ही हातांनी उपसत होती. गेल्या वर्षी ही मुलगी याच चढावरून रडत परत फिरली होती. यंदा शर्यत पुरी करायचीच, असं तिने आत्याला सांगून ठेवलं होतं.

इकडे मैदानात टाळ्या सुरू झाल्या. रेषा एका पावलावर आली. तेवढ्यात आत्या आडवी आली.

"थांबा काका. आमची भिंगरी कुठंय?"

"पुढे गेली असेल की."

"पुढे कशी जाईल? मी केव्हाची इथेच उभी आहे."

काकांचं पाऊल हवेतच राहिलं.

मिस्त्रीमामांनी ओठांतली शिट्टी काढली. "रेषेला शिवलात तर मला ही वाजवावी लागेल, सांगून ठेवतो."

"शिवतोय कशाला? हा निघालो."

आणि काका वळले! अंगात त्राण नव्हतं, तरी असे पळाले, असे पळाले, की टपाल वाटताना कुत्रं मागे लागल्यावरही कधी पळाले नसतील. मी त्यांच्या खांद्यावर दणादण आपटत होतो.

भिंगरी अर्ध्या चढावर एका मुळीला धरून लोंबत होती.

"दोर कुठे नेला होता, काका?"

"फिरायला," काका धापा टाकत म्हणाले. "धर आता."

त्यांनी मला झाडाला बांधून खाली सोडलं. तिने मला घट्ट पकडलं. माझा कुजका पेड करकरला, पण उरलेल्या दोघांनी भार पेलला. घसरली, सावरली, पुन्हा घसरली आणि एकदाची वर आली. आल्या आल्या तिने माझी गाठ सोडायला घेतली.

"जड आहे गं तो. मी घेऊ?"

"नको. शेवटची मी आहे."

मग दोघं धावत सुटली. मैदान दिसताच काका मुद्दाम पुढे गेले आणि त्यांनी रेषा ओलांडली. आता मी आणि भिंगरी, दोघंच उरलो.

मित्रांनो, जुन्या दोराला कोरडी जागा द्या आणि मागे राहिलेल्याला एक हाक द्या. माझं एवढंच मागणं आहे.

रेषेपाशी सगळे ओरडत होते, "ये, ये, भिंगरी!" आत्याने तर हातच पसरले होते. पण भिंगरी रेषेच्या अलीकडेच थांबली. मागे वळली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि रिकाम्या वाटेकडे जोरात हाक दिली, "कुणी राहिलंय का?"

उत्तर आलं नाही. तरी ती क्षणभर कान देऊन उभी राहिली. मगच तिने पाय आत टाकला.