सहावा डबा

शेंडीत गोणपाटाचा एक धागा अडकला होता, सुताएवढा, तपकिरी. ओट्यापाशी उभं राहून चहा पिताना तो नंदूला दिसला आणि मग नारळ दिसला… म्हणजे हा तोच. कालचा. त्याच्या बायकोने, जानकीने, तो तांदळाच्या डब्यावर ठेवला होता, बाजारातून आणलेला कुठलाही नारळ ठेवावा तसा, आणि तो निमूटपणे कलंडून पडला होता. काल आबांच्या तळहातावर हाच नारळ उभा राहिला होता, सगळ्यांच्या देखत.

"हा फोडते मी," जानकी म्हणाली. "संध्याकाळी काळ्या वाटाण्याचं सांबारं करायचंय. का पुरावा म्हणून जपून ठेवायचाय?"

"फोड," तो म्हणाला. जानकी हसली. तो हसला नाही, आणि आपण हसलो नाही हे तिने पाहिलं की काय, म्हणून त्याने कप उगाच पुन्हा तोंडाला लावला. कपात चहा नव्हता.

बाहेर गॅलरीत आबा गुणगुणत होते. लवू परब, वय अडुसष्ट, तीस वर्षं कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढलेला माणूस. संपात गिरणी बंद पडली आणि लालबागची खोली सोडून मुलुंडला, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावर, येऊन बसला. तीन वर्षं तो नुसता बसला होता. सकाळी पेपर, दुपारी गॅलरी, संध्याकाळी पुन्हा गॅलरी. आणि आज गुणगुणणं! गावी असताना आबा नारळावर पाणी दाखवायचे म्हणे, चार-पाच विहिरी त्यांच्या नावावर सांगायचे. समोरच्या सोसायटीत मे महिन्यात बायका बादल्या घेऊन जिने चढू लागल्या, बोअरिंगचं ठरलं, आणि सेक्रेटरींना कुणीतरी आबांचं नाव सांगितलं. आणि मग नंदूच — पदार्थविज्ञानाचा शास्त्रज्ञ, विज्ञान मंडळाचा कार्यकर्ता, लिंबातून रक्त काढणाऱ्यांची आणि हवेतून अंगारा देणाऱ्यांची गावोगाव फजिती करणारा नंदकुमार परब — म्हणाला होता की आधी चाचणी होऊ द्या. सगळ्यांसमोर. माझे वडील आहेत म्हणून सूट नाही.

काय ऐट होती आपली ते म्हणताना.

ऑफिसात त्याने अहवालाचा कागद पुढे ओढला. हा छापील तक्ता त्यानेच तयार केलेला, मंडळाच्या प्रत्येक चाचणीला वापरायचा. ठिकाण: शाळेचा हॉल, मुलुंड. तारीख: रविवार, १९ मे १९८५. गोणपाटाखाली झाकलेले दहा डबे, काही पाण्याने भरलेले, काही रिकामे. कुठला कसा ते नाणं उडवून ठरवलेलं. आडव्या हातावर आडवा नारळ घेऊन पाणाड्याने प्रत्येक डब्यापाशी थांबायचं, नारळ उभा राहिला तर पाणी. बरोबर उत्तरं: नऊ. त्याने नऊ लिहिलं. निव्वळ योगायोगाने नऊ किंवा त्याहून जास्त यायची शक्यता नव्वदात एक, हे त्याला कागद-पेन्सिल न घेता माहीत होतं. पुढचा रकाना चौथा. डबे भरणारी व्यक्ती चाचणीच्या वेळी कुठे होती?

पेन तिथे थांबलं. टेबलावरचं यंत्र आपली हिरवी रेघ हलवत होतं. महिनाभर तो त्या रेघेतून मागचा गोंगाट वजा करत बसला होता. मोजणाऱ्याचाच हात लागून रेघ हलते की काय, हे आधी बघायचं, असं नव्या मुलांना तोच शिकवायचा.

डबे मंडळातल्या धोंडिरामने भरायचे होते आणि भरून हॉलबाहेर जायचं होतं. ज्याला उत्तर माहीत, तो खोलीत नको — मंडळाचा पहिला नियम. पण धोंडिरामला मानखुर्दहून यायला उशीर झाला, लोक खोळंबले, सेक्रेटरी घड्याळ बघू लागले, तेव्हा नंदूनेच दार लावून नाणं उडवलं, डबे भरले, गोणपाट टाकलं. इथवर ठीक. मग बाहेर जायचं. तो गेला नाही. कुणीतरी नोंदी घ्यायला हवं होतं ना… छे, मंडळातली मीरा होती की वही घेऊन. त्याच मीराला गेल्या वर्षी मालाडला, डबे माहीत असून दारात घोटाळली म्हणून, त्याने सगळ्यांदेखत रडवलं होतं. "इतकंसं कळत नाही तर घरी बसून पापड लाट," असं म्हणाला होता तो. आणि काल स्वतः दहाव्या डब्याच्या पलीकडे, भिंतीला टेकून, आबांच्या अगदी समोर उभा राहिला. का?

आबा तिसऱ्या डब्यापाशी थांबले तेव्हा नारळ आडवाच होता. आबांनी नारळाकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वर केली आणि नंदूच्या तोंडाकडे पाहिलं — नुसतं पाहिलं, शांतपणे, घाई नसल्यासारखं — आणि नारळ डुलला, उठला, उभा राहिला. टाळ्या पडल्या. चौथ्याला पाहिलं. पाचव्याला पाहिलं. आणि सहाव्याच्या वेळी दार करकरलं, धोंडिराम घामाघूम आत आला, नंदूने त्याच्याकडे मान वळवली. सहावा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. नारळ हलला नाही.

फोन वाजला. धोंडिरामच.

"काय रे परब, तुझ्या बापाने तर वाट लावली आपली! नऊ? पत्रकात छापायचं काय?"

"लिहितोय अहवाल."

"बरं, डबे भरले कोणी? मी तर नव्हतो यार."

"मी भरले."

धोंडिराम हळू आवाजात म्हणाला, "आणि मी आलो तेव्हा तू आत होतास."

"हो."

"मग ती चाचणी झालीच नाही, नंदू. हे तू मला शिकवलंयस." आणि मग, "तूच लिही. मी नाही लिहिणार."

धोंडिराम रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी येताना तो मुद्दाम वाट वाकडी करून समोरच्या सोसायटीवरून आला. आवारात कुणीतरी झाडून, पाणी मारून जागा स्वच्छ करून ठेवली होती. उद्या सकाळी सातला आबा इथे नारळ घेऊन फिरणार. ते बोट ठेवतील तिथे यंत्र लागणार. खोल गेलं की कुठे ना कुठे पाणी लागतं, यात नारळाची करामत नसते, हे तो भाषणात सांगायचा. लागलं तर आबा पाणाडे ठरणार, माझ्या सहीने. न लागलं तर याच बायका बादल्या घेऊन आबांच्या नावाने बोटं मोडणार. आणि आज खरं सांगितलं तर? तर तीन वर्षांनी गुणगुणायला लागलेला माणूस उद्यापासून पुन्हा गॅलरीत. मला आबा जिंकायला हवे होते का? म्हणून उभा राहिलो? की हरताना बघायचं होतं, समोरून, नीट? दोन्ही खरं वाटत होतं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

आठ वर्षांचा असताना आईने एकदा त्याला डबा देऊन गिरणीत पाठवलं होतं. साचेखात्याच्या दारात तो थिजून उभा राहिला होता. नुसता धडधडाट, जमीन हादरत होती, आणि त्या आवाजात माणसं बोलत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि पार पलीकडच्या टोकाचा माणूस हसत होता, मान डोलवत होता. बाहेर आल्यावर आबा म्हणाले होते, "हय कान चलनत नाय, झिला. डोळे चलतत." तीस वर्षं त्या माणसाने लोकांची तोंडं वाचली होती. आणि आपण, एवढे शहाणे, त्याच्यासमोर तोंड उघडं टाकून उभे.

आबा गॅलरीत होते. दाढी केलेली, खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा सदरा. नंदू समोरच्या स्टुलावर बसला. स्वयंपाकघरातून विळीवर खोबरं खवल्याचा आवाज येत होता.

"सातांक येतले ते," आबा म्हणाले. "तू येतलंस मा?"

"मी कशाला, आबा?"

"तू समोर आसलंस काय माका बरां वाटता."

यांना माहीत आहे? की हात आपोआप हलतो, नारळ आपोआप उठतो, आणि यांना खरंच वाटतं की पाण्यानेच उठला? असंच घडतं बहुतेकांचं, भाषणात तो सांगायचा, माणूस फसवत नसतो, त्याचा हात त्याला फसवतो. त्याने चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला. गाल कुठे ठेवायचे, भुवया कुठे, हेच त्याला आठवेना.

आत जानकीने वाटपासाठी मिक्सर लावला.

घरभर घरघर भरली. आता बोललं तरी कुणाला ऐकू जाणार नव्हतं, त्याचं त्यालासुद्धा, आणि बहुधा म्हणूनच तो बोलला. "आबा, तो मी होतो. पाणी माझ्या तोंडावर होतं. सहाव्याला मी मान वळवली, म्हणून चुकलं. उद्या तुम्ही जाऊ नका… नाहीतर जा, पण मी येणार नाही." ओठ हलले, आवाज आला नाही. आबांचे डोळे त्याच्या ओठांवर होते. एकही शब्द त्यांनी सोडला नाही, हे त्याला दिसलं.

मग आबांचे ओठ हलले. लहानसं काहीतरी, चार-पाच शब्द, सावकाश, साच्यावरच्या माणसाला सांगावेत तसे. नंदू पुढे वाकला. त्याने डोळे ताणून पाहिलं. आबा रागावले होते, की हसत होते, की नुसतं मिसरी लावायची आहे असं म्हणत होते — त्याला काहीच वाचता आलं नाही.

मिक्सर थांबला. जानकीने आतून विचारलं, तिखट किती घालू? आबांनी उत्तर दिलं आणि ते रस्त्याकडे बघू लागले.

काय म्हणालात, असं विचारणं सोपं होतं. नंदूने तोंड उघडलंही. पण तीस वर्षं या माणसाने आपलं तोंड वाचलं आणि आपण एकदाही त्याचं वाचायला शिकलो नाही, हे आता विचारून कसं भरून निघणार? पिशवीतल्या अहवालात चौथा रकाना कोरा होता. त्यात काय लिहायचं हे त्याला आता माहीत होतं. तो स्टुलावर तसाच बसून राहिला आणि आबांच्या तोंडाकडे, बाजूने दिसत होतं तेवढ्याकडे, बघत राहिला.