क्लेटनच्या बाजूची गादी

रोवीना माझ्या तंबूत आली ती बगलेत गोधडी मारूनच.

जानेवारीचा दुसरा आठवडा. अॅरिझोनाच्या आमच्या वाळवंटात त्या दिवसांत नुसता ट्रेलरांचा सडा पडलेला असतो. बर्फाच्या मुलखातली म्हातारी माणसं आपापलं चाकांवरचं घर गाडीला अडकवून उन्हाला येतात आणि मार्चपर्यंत हलत नाहीत. त्यांच्या पलंगांच्या गाद्या मी कापून देते. दुकानातली गादी ट्रेलरला कधीच बसत नाही. कुठं भिंत आत आलेली असते, कुठं दार उघडावं म्हणून पलंगाचा कोपराच गोल कापलेला असतो. हिवाळ्यापुरत्या भरणाऱ्या आमच्या तंबूंच्या बाजारात मला सगळे टिली म्हणतात. शेजारच्या तंबूतला हर्शेल चाकू-सुऱ्यांना धार लावतो, माझ्या फोम कापायच्या सुरीलाही तोच लावतो.

रोवीना पंचावन्नच्या आतबाहेरची, उन्हानं नाक सोललेली, बोलकी बाई. आल्या आल्या सुरू झाली.

"सोळा फुटी ट्रेलर आहे आमचा. मागं आडवा पलंग, चार फूट रुंद, सहा फूट दोन इंच लांब, पायाकडचा एक कोपरा गोल. जुनी गादी पार चपटी झालीये हो. आणि चादरी, अभ्रे या गोधडीला शोभतील असे दाखवा."

तिनं माझ्या कापायच्या टेबलावर गोधडी पसरली.

माप ऐकूनच मला तो पलंग ओळखू आला होता. गोधडी बघितली आणि उरलीसुरली शंकाही गेली. निळे-पिवळे चौकोन, आणि खालून तिसऱ्या ओळीत एक निळा तुकडा उलटा लागलेला. तो मी लावला होता, सातव्या वर्षी, आईच्या मांडीला मांडी लावून. आई म्हणाली होती, "राहू दे उलटा. तुझी खूण."

"सुंदर आहे," मी म्हटलं. "कुणी शिवली?"

"माझ्या नवऱ्याच्या आईनं. जीव आहे त्याचा हिच्यावर."

"काय नाव नवऱ्याचं?"

"क्लेटन. त्याची पाठ धरलीये, म्हणून मीच आले. मन हळवं आहे बिचाऱ्याचं. पहिली बायको ऑपरेशनमध्येच गेली ना त्याची. मॅटी नाव होतं. अजून शेकोटीपाशी तिचा विषय निघाला की डोळे भरून येतात."

मॅटी म्हणजे मी. मटिल्डाचं त्यानं केलेलं मॅटी.

ऑपरेशन खरं होतं. नऊ वर्षांपूर्वी माझा खुब्याचा सांधा बदलला. चौथ्या दिवशी कुबड्यांवर ट्रेलरच्या तळावर परत आले तर आमची जागा मोकळी. चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. तळाच्या कचेरीत माझे कपडे कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्यांत कोंबून ठेवलेले. तो ट्रेलर आम्ही दोघांनी मिळून उभा केला होता. कुजलेली जमीन मी उखडली, कपाटं मी रंगवली, पण कागद त्याच्या एकट्याच्या नावावर. चिठ्ठी नाही, निरोप नाही. नऊ वर्षं मी हाच विचार करत होते, की त्यानं लोकांना काय सांगितलं असेल. आता कळलं. मला मारून टाकलं होतं त्यानं, आणि वर माझ्या नावानं रडून घेत होता.

तिथंच बोलून टाकायला हवं होतं. पण राग इतका वर चढला होता की तो एका वाक्यात वाया घालवावासा वाटेना.

"बसा," मी म्हटलं. "गादी घाईनं घ्यायची नसते. कोण कुठल्या बाजूला झोपतं?"

"मी भिंतीकडे. क्लेटन बाहेरच्या बाजूला. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं त्याला."

"मग तुमच्या दोघांचे भाग वेगवेगळे करू. वरून खोळ एकच. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्या दिवशी मी आयुष्यातली सगळी कारागिरी पणाला लावली. तिला एकेक नमुना दाबायला लावला, टेबलावर चढून कुशीवर झोपायला लावलं. तिच्या भागाला रबराचा चिवट थर घेतला, त्यावर लोकरीची पातळ गादी. लोकर थंडीत ऊब देते आणि ओल शोषते. ट्रेलरमध्ये ओलीचं फार सांभाळावं लागतं. रात्री दोन माणसांच्या श्वासाचं पाणी भिंतींवर धरतं, गादीखाली उतरतं आणि महिनाभरात खालची फळी काळी पडते. म्हणून मी काथ्याची जाळीदार चटई देते खाली अंथरायला. रोवीनाच्या बाजूला दिली. क्लेटनच्या बाजूला दिली नाही.

त्याच्या भागाला मी तो फोम घेतला जो हाताला लोण्यासारखा लागतो आणि आठवड्यात दबून चपटा होतो. थंडीत तो लाकडासारखा होतो, मग माणसाच्या अंगाच्या उबेनं खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यात कंबर अडकते. क्लेटनची कंबर मी तीस वर्षं चोळली होती. कुठला मणका कधी बोंबलतो ते त्याच्या डॉक्टरपेक्षा मला जास्त ठाऊक. उशी दिली पिसांची. पिसं लागली की त्याच्या मानेवर चट्टे उठतात.

"त्यांना खास माझ्याकडून," मी म्हटलं.

"किती चांगल्या आहात हो तुम्ही!" रोवीना म्हणाली.

हर्शेलनं संध्याकाळी तो फोमचा उरलेला तुकडा उचलून बघितला. "टिली, हा तू कुत्र्यांच्या गादीला वापरतेस ना?"

"हो."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि तुकडा खाली ठेवला. "गरीब कुत्रा," एवढंच म्हणाला.

पुढचे आठ दिवस मी छान होते. सकाळी कॉफी पिताना मनात यायचं, आता उठत असेल कण्हत. पायमोजे घालायला वाकताना शिव्या देत असेल. खोटं कशाला बोलू, एवढी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

नवव्या दिवशी रोवीना आली. एका खांद्यानं वाकडी, हात कमरेवर. टेबलाला धरून उभी राहिली.

"काय झालं?"

"गादी. म्हणजे तुमचा दोष नाही हो. पहिल्याच रात्री क्लेटन म्हणाला, तुझी बाजू बघू. झोपला, आणि उठेचना. म्हणाला, पाठ माझी धरलीये, तुझी नाही. तेव्हापासून मी बाहेरच्या बाजूला. उशी तर त्यानं दारातून भिरकावली. कोयोटी कोल्ह्यांनी फाडली, सगळ्या निवडुंगांवर पिसं." ती हसायला गेली आणि कळ येऊन थांबली. "आता शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलाय, हिला साधी गादी निवडता येत नाही. मॅटी असती तर बरोबर निवडली असती."

तीस वर्षं त्या माणसाबरोबर काढून हे मला सुचू नये? बाजू वाईट निघाली की तो दुसऱ्याला तिथं सरकवणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझा सूड त्या बाईच्या मणक्यांत जाऊन बसला होता.

"रोवीना," मी म्हटलं, "मॅटीनंच निवडली ती गादी."

तिला कळेना. मग मी गोधडीतल्या उलट्या तुकड्याबद्दल सांगितलं. पलंगाच्या फळीचा पायाकडचा कोपरा मीच करवतीनं गोल केला होता, त्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं 'म' आणि 'क' लिहिलंय, हे सांगितलं. दोन काळ्या पिशव्यांचं सांगितलं. ती पांढरी पडत गेली. शेवटी विचारलं, "म्हणजे माझी बाजू वाईट कापली ती मुद्दाम?"

"त्याची. त्याची बाजू."

"झोपले मी ना त्यावर!" ती ओरडली. बाजारातली चार डोकी वळली. "तुला त्याचा राग, आणि कंबर माझी मोडलीस? तोंड होतं ना तुला? त्याच दिवशी बोलली असतीस तर?"

ती लंगडत निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता ती त्याला सांगणार, तो पसारा आवरून रातोरात पसार होणार, आणि मी पुन्हा मेलेलीच राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूचा पडदा वर केला तर ती बाहेर उभी.

"फळीखाली बघितलं मी," ती म्हणाली. "'म' आणि 'क' आहे." थोडा वेळ बुटानं माती उकरत राहिली. "वसंतात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. काल सहज विचारलं, माझ्यासोबत थांबशील ना रे? म्हणाला, बघू, तेव्हा मासेमारीचा मोसम असतो." मग तिनं मान वर केली. "ट्रक माझा आहे, मॅटी. ट्रेलर त्याचा, पण ओढणारा ट्रक माझा. त्या ट्रकच्या मागच्या हौद्यात, टपाखाली, एक माणूस झोपेल अशी गादी पाहिजे मला. आणि या वेळी नीट काप."

"कधी पाहिजे?"

"रविवारी दुपारी. आमच्या ट्रेलरांची सगळी रांग एकत्र जेवते तेव्हा. तू स्वतः घेऊन ये."

ती गादी मी दोन दिवस कापत होते. चाकांवरच्या उंचवट्यांना खाचा घेतल्या, कमरेखाली जरा घट्ट थर घातला, खाली काथ्या, वर लोकर, सुती खोळ. फ्लॅनेलच्या चादरी धुऊन मऊ करून दिल्या, कारण कोरी चादर पहिले काही दिवस बोचते.

रविवारी हर्शेलनं एक टोक धरलं, मी दुसरं. दोन म्हातारी माणसं गादी घेऊन वाळवंटातून चाललेली. रांगेतली वीसेक माणसं खुर्च्यांत बसली होती, मांडीवर राजम्याच्या झणझणीत कालवणाच्या ताटल्या, मक्याचा पाव. क्लेटन मधोमध. केस गेले होते, पोट आलं होतं. बोलत होता, आणि शेजारची गुबगुबीत म्हातारी मान हलवत होती.

मी त्याच्यासमोर जाऊन थांबले.

"गादी कुठं टाकू, क्लेटन?"

त्यानं वर बघितलं. मांडीवरची ताटली घसरली, कालवण बुटांवर सांडलं.

"मॅटी," तो म्हणाला.

बाकी मला काही करायची गरजच पडली नाही. नाव त्यानंच उच्चारलं, सगळ्यांदेखत.

"मॅटी?" ती गुबगुबीत म्हातारी म्हणाली. तिचं नाव लुएला. "कुठली मॅटी? तुझी? ती तर वारली ना?"

"वारले होते," मी म्हटलं. "चौथ्या दिवशी उठून बसले. बघते तर नवरा नाही, घर नाही, दोन पिशव्या तेवढ्या."

"अगं बाई! मी नाताळात तुझ्या नावानं मेणबत्ती लावली!"

"मग वाया नाही गेली, आजी. आले बघा."

कुणीतरी फसकन हसलं. क्लेटन उठू पाहत होता, पण कंबर धरली आणि अर्धाच उठला. "लोकहो, हे असं नाही... ही बाई तेव्हा... माझं ऐका तरी—"

"खुब्याचं ऑपरेशन होतं तेव्हा हिला टाकून निघालास की नाही?" हर्शेलनं विचारलं. तो कधी आवाज चढवत नाही. "हो किंवा नाही सांग."

क्लेटन बूट झटकायला लागला. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. नऊ वर्षं मी मनात जी जी वाक्यं तयार करून ठेवली होती त्यांतलं एकही बोलले नाही. त्याचा चेहरा लाल होत होत कानांपर्यंत गेला, ते मी पोटभर बघून घेतलं.

रोवीनानं सकाळीच ट्रेलर ट्रकपासून सोडवून ठेवला होता. आम्ही तिघांनी गादी ट्रकच्या टपाखाली सरकवली. खाचा बरोबर बसल्या. मग ती ट्रेलरमध्ये गेली, आपली पेटी आणि गोधडी घेऊन आली. गोधडी तिनं रांगेसमोर माझ्या हातात दिली. "हिच्या आईनं शिवलीये," ती सगळ्यांना म्हणाली. "माझ्या सासूनं नाही."

"रोवीना, अगं, मी इथं अडकून पडेन! ट्रकशिवाय काय करू मी?"

"झोप," ती म्हणाली. "दोन्ही बाजू तुझ्या आता."

जाताना तिनं माझा हात दाबला नाही की मिठी मारली नाही. खिडकीतून एवढंच म्हणाली, "कंबर अजून दुखतेय हं माझी." मी मान खाली घातली. ते तिचं बरोबर होतं.

क्लेटन तीन आठवडे तिथंच पडून होता. रांगेनं त्याला पाणी दिलं, कारण वाळवंटात पाणी कुणालाही देतात. कॉफीला कुणी बोलावलं नाही. लुएलानं आपली खुर्ची उचलून दुसरीकडे मांडली.

एका गुरुवारी तो चालत माझ्या तंबूत आला, काटकोनात वाकलेला. म्हणजे ओल सरकून चांगल्या भागाखालची फळीही खचली असावी, किंवा एकट्या माणसाला चार फुटांत कुठं पडावं ते कळत नसावं.

"एक तुकडा दे, मॅटी. कुठलाही. झोप नाही गं."

मी कापत राहिले.

"मी घाबरलो होतो तेव्हा," तो म्हणाला. "तुला आत नेलं ना, तेव्हा वाटलं, ही काही वाचत नाही. मला बघवलं नसतं ते."

"म्हणून आधीच मारून टाकलंस?"

त्याच्यामागे मिनेसोटाचं एक जोडपं हातात मापाचा कागद धरून थांबलं होतं.

"पुढचे या," मी म्हटलं.

हर्शेल धारेच्या चाकावरून बघत होता. क्लेटन गेल्यावर म्हणाला, "दिला असतास एखादा कुत्र्याचा तुकडा तरी."

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा चाक फिरवायला लागला. मिनेसोटाच्या बाईनं कागद पुढं केला. त्यांच्या ट्रेलरमध्ये पलंग खिडकीला चिकटून होता आणि सकाळी उशाला दहिवर साचायचं. मी तिला आधी काथ्याची चटई काढून दाखवली.